नवा कॉकटील माणसाळवताना

आपल्या शाळेत पहाटेच्या बिगुलापासून 'लाइट्स आउट'पर्यंत आपण दिवसभर हुकूम ऐकतो आणि पाळतो. आज मी अशा एका जिवाविषयी लिहिणार आहे, ज्याच्यावर हुकूम अजिबात चालत नाही. त्याचे वजन साधारण नव्वद ग्रॅम असते. डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी ठिपका असतो. त्याचे नाव कॉकटील.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी म्हैसूरला आत्याकडे होतो. आत्याच्या शेजारच्या कुटुंबाची परदेशी बदली झाली आणि त्यांचा दोन वर्षांचा नर कॉकटील आत्याच्या घरी आला. त्याचे नाव पुट्टा. कन्नडमध्ये लहानग्याला लाडाने पुट्टा म्हणतात. नाव ओळखीचे होते, म्हणून आम्ही ते बदलले नाही. पुट्टाला पिंजऱ्याची सवय होती, पण माणसाचा हात दिसला की तो फिस्कारून कोपऱ्यात जायचा. माझ्या हातात ३२ दिवस होते. त्यानंतर मी शाळेत परतणार आणि पुट्टा आजी, आत्या व माझी सात वर्षांची आतेबहीण यांच्याजवळ राहणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. त्यामुळे त्याने एकट्या माझ्यावर विश्वास ठेवून भागणार नव्हते. त्याचा विश्वास सगळ्या घरावर बसायला हवा होता.

हा पक्षी मूळचा कुठला?

कॉकटील हा ऑस्ट्रेलियाचा पक्षी आहे. त्याचे शास्त्रीय नाव निम्फिकस हॉलंडिकस. 'न्यू हॉलंड' हे ऑस्ट्रेलियाचे जुने नाव, त्यावरून हॉलंडिकस हा शब्द आला. १७९२ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. दिसायला तो छोट्या पोपटासारखा असला तरी तो काकाकुवाच्या कुळातला आहे आणि त्या कुळातला सर्वांत लहान पक्षी आहे. आपल्याकडे दुकानांत 'लव्हबर्ड' म्हणून जे छोटे हिरवे-निळे पक्षी विकतात, ते बहुतेक वेळा बजरीगर असतात. तेही ऑस्ट्रेलियाचेच, पण कॉकटीलपेक्षा लहान आणि वेगळ्या कुळातले.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या कोरड्या प्रदेशात कॉकटील थव्याने राहतात. पाणी आणि गवताचे बी जिथे मिळेल तिकडे थवा सरकत जातो. ते जमिनीवर उतरून दाणे टिपतात. नर आणि मादीची जोडी बराच काळ टिकते आणि अंडी दोघेही आळीपाळीने उबवतात. म्हणजे हा मुळात सोबतीने जगणारा पक्षी आहे. घरात एकटा असला की माणसे हाच त्याचा थवा. म्हणूनच त्याला माणसाळवता येते, आणि म्हणूनच त्याला तासन्‌तास एकटे ठेवणे त्याला फार जड जाते.

दुसरी गोष्ट अशी, की तो शिकार करणारा नाही, शिकार होणारा पक्षी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला पुढचे, बाजूचे आणि बरेचसे मागचेही दिसते. वरून झेप घेणारा ससाणा हा त्याच्या पूर्वजांचा शत्रू. आपण प्रेमाने वरून हात नेला तरी त्याच्या दृष्टीने तो ससाण्याचाच पंजा असतो. त्याला हात दाखवायचा तो खालच्या बाजूने, हळू आणि त्याच्या नजरेसमोर. ही एकच गोष्ट समजली तरी अर्धे काम झाले.

पहिले तीन दिवस

नवा पक्षी घरी आला की सगळ्यांना त्याच्याशी लगेच बोलायचे असते, त्याला हात लावायचा असतो. पहिले तीन दिवस हे टाळायचे. पिंजरा खोलीच्या कोपऱ्यात, डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागून ठेवावा. भिंतीमुळे पाठीमागून कोणी येणार नाही, एवढी खात्री त्याला मिळते. पिंजरा उंचीपेक्षा रुंदीने मोठा असावा आणि पक्ष्याला दोन्ही पंख पूर्ण पसरता आले पाहिजेत. सळ्यांमधले अंतर दीड सेंटीमीटरच्या आसपास असावे, नाहीतर डोके अडकते. दाणा-पाणी बदलताना काम हळू करायचे आणि बाजूला व्हायचे.

मी रोज सकाळी आणि संध्याकाळी वीस मिनिटे पिंजऱ्यापासून दोन मीटरवर जमिनीवर बसायचो. त्याच्याकडे टक लावून बघायचे नाही. शिकारी प्राणीच तसे बघतात. मी तिरका बसून मोठ्याने वाचायचो. कधी संस्कृतचा धडा, तर कधी म्हैसूरमध्ये १९७० साली सुरू झालेल्या 'सुधर्मा' या संस्कृत दैनिकाचा अंक. पुट्टाला संस्कृत कळत नव्हते, पण हा आवाज आला तरी वाईट काही होत नाही, हे कळू लागले.

आपल्याकडे सहावीत नवा कॅडेट येतो तेव्हा काय होते ते आठवा. पहिल्या रात्री मेसमध्ये तो ताटाकडे नुसता बघत बसतो. त्याला दहा जणांनी गराडा घालून "जेव रे" म्हटले की तो आणखी मिटतो. शेजारी एखादा सीनियर येऊन काही न विचारता आपले आपले जेवू लागला, की थोड्या वेळाने नवा मुलगाही घास उचलतो. चौथ्या दिवशी मी समोर बसलेलो असताना पुट्टाने पहिल्यांदा दाणे खाल्ले. घाबरलेला पक्षी खात नाही. तो आपल्या देखत खाऊ लागला, की पहिली पायरी पार झाली असे समजावे.

तुऱ्याची भाषा

कॉकटीलच्या मनात काय चालले आहे, हे त्याचा तुरा सांगतो. तुरा एकदम ताठ उभा असला तर तो दचकला आहे किंवा काहीतरी नवे बघतो आहे. तुरा मागे चापून बसवलेला, अंग लांब केलेले आणि तोंडाने फिस्कार, असे असेल तर तो म्हणतो आहे, "जवळ येऊ नको." तुरा अर्धा खाली, टोक जरासे वर वळलेले असेल तर स्वारी निवांत आहे. झोपेच्या आधी तो चोच एकमेकीवर घासतो, त्याचा करकर असा बारीक आवाज येतो. तो समाधानाचा आवाज आहे.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगतो. पक्षी हात लावू देतो, हलत नाही, म्हणजे तो माणसाळला असे नाही. खूप घाबरलेला पक्षीही दगडासारखा गप्प बसतो. काही लोक पक्ष्याला टॉवेलमध्ये घट्ट धरून "दोन दिवसांत सवय होते" म्हणतात. त्याला सवय झालेली नसते, सुटायची आशा त्याने सोडलेली असते. फरक ओळखायची खूण सोपी आहे. विश्वास ठेवणारा पक्षी आपल्यासमोर खातो, पिसे साफ करतो, अंग झटकतो, आणि जाता येत असूनही जात नाही. घाबरलेला पक्षी यातले काहीच करत नाही.

म्हणून पुट्टाचे 'नाही' ऐकायचे, असा नियम आम्ही घरात केला. तो फिस्कारला किंवा मागे सरला, तर हात तिथेच थांबवायचा आणि हळूच मागे घ्यायचा. आपले 'नाही' ऐकले जाते, हे कळल्यावर तो कमी वेळा 'नाही' म्हणू लागला.

राळ्याचे कणीस

आता शिकवण्याचा मुख्य भाग. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. ज्या कृतीनंतर लगेच बक्षीस मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे त्याच्या कामाचे सार. दुसऱ्या महायुद्धात त्याने क्षेपणास्त्राला दिशा देण्यासाठी कबुतरे शिकवली होती. पडद्यावर दिसणाऱ्या लक्ष्यावर चोच मारली की दाणा मिळे. ती योजना युद्धात वापरली गेली नाही, पण दाण्याचे गणित खरे ठरले.

कॉकटीलसाठी सर्वांत आवडीचे बक्षीस म्हणजे राळ्याचे कणीस. राळे म्हणजे आपले जुने भरडधान्य. म्हैसूरकडे त्याला नवणे म्हणतात. वाण्याकडे मिळणारे राळे साल काढलेले असते, पक्ष्याला सालासकट दाणे सोलून खायला आवडतात. त्यामुळे पक्ष्यांच्या दुकानातून अख्खी कणसे आणावीत. हे कणीस एरवी पिंजऱ्यात ठेवायचे नाही. ते फक्त आपल्या हातातून मिळाले पाहिजे.

माझ्या वहीतल्या पायऱ्या अशा होत्या. पहिली पायरी, लांब कणीस सळ्यांच्या बाहेरून धरणे. पुट्टाने आठव्या दिवशी मान लांब करून पहिला दाणा घेतला. दुसरी पायरी, कणीस रोज थोडे आखूड धरणे, म्हणजे चोच बोटांच्या जवळ येते. तिसरी, दार उघडून हात आत, पण दाराशीच. चौथी, एका हातात कणीस आणि दुसऱ्या हाताचे बोट मधे आडवे, म्हणजे कणसापर्यंत पोहोचायला बोटावर पाय ठेवावा लागतो. बोट त्याच्या पोटाच्या खालच्या भागाशी, पायांच्या जरा वर धरायचे. पाचवी, तो बोटावर असताना हात एक-दोन इंच हलवणे. सहावी, दाराबाहेर येणे.

एका वेळी दहा मिनिटे पुरतात. दिवसातून दोन-तीनदा करावे आणि चांगले चाललेले असतानाच थांबावे. वरची पायरी तेव्हाच चढायची, जेव्हा खालची पायरी तीन वेळा सलग तुरा निवांत ठेवून पार होते.

चौदाव्या रात्री म्हैसूरला वळवाचा पाऊस आला. मोठी वीज कडाडली आणि पुट्टा अंधारात पिंजऱ्यात फडफडत आपटला. कॉकटीलमध्ये रात्रीच्या अशा भीतीचा प्रकार नेहमी आढळतो. अंधारात त्यांना दिसत नाही आणि ते जिवाच्या आकांताने उडू बघतात. आत्याने दिवा लावला, आजी हळू आवाजात बोलत राहिली, तेव्हा तो शांत झाला. त्याच्या शेपटीची दोन पिसे खाली पडली होती. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा फिस्कारू लागला. माझे अर्धे दिवस संपत आले होते आणि आम्ही परत पहिल्या पायरीवर होतो. घाई करावी असे मनात फार आले. पण पायरी सुटली की दोन पायऱ्या खाली उतरायचे, हाच नियम आहे. त्या दिवसापासून खोलीत रात्री मंद दिवा राहू लागला. तीन दिवसांत पुट्टा पुन्हा कणसापाशी आला. एकविसाव्या दिवशी त्याने माझ्या बोटावर एक पाय ठेवला, बाविसाव्या दिवशी दोन्ही.

चावला तर?

कॉकटील चावतो. चोच लहान असली तरी रक्त येऊ शकते. चावल्यावर ओरडू नये, हात झटकू नये आणि पक्ष्याला कधीही मारू नये. ओरडलो तर काहींना तो खेळ वाटतो. झटकले तर हाताची भीती वाढते. पाच सेकंद स्थिर राहून त्याला शांतपणे खाली ठेवावे आणि विचार करावा, की चावण्याआधी तुरा काय सांगत होता? बहुतेक वेळा त्याने आधी सूचना दिलेली असते.

घरातले धोके

पिंजऱ्याबाहेर सोडण्यापूर्वी खोली तपासावी लागते. आपल्या घरांत सर्वांत मोठा धोका म्हणजे छताचा पंखा. पंखा बंद, खिडक्या बंद किंवा जाळी लावलेल्या, आरशावर कपडा, पाण्याची बादली झाकलेली, एवढे झाल्याशिवाय दार उघडायचे नाही.

पक्ष्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असते. म्हैसूर अगरबत्तीसाठी प्रसिद्ध आहे आणि आजीच्या देवघरात सकाळ-संध्याकाळ ती लागते. म्हणून पिंजरा देवघरापासून दूर, दुसऱ्या खोलीत ठेवला. डासांची कॉइलही त्या खोलीत लावत नाहीत. नॉनस्टिक भांडे रिकामे तापले की त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो, म्हणून स्वयंपाकघर वर्ज्य. याउलट, कॉकटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. घरात कोणाला दमा असेल तर हा पक्षी आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

नुसत्या दाण्यांवर तो निरोगी राहत नाही. सूर्यफुलाचे बी त्याला आवडते, पण त्यात चरबी फार असते. सोबत कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, मोड आलेले मूग द्यावेत. अव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा आणि मिठाचे पदार्थ देऊ नयेत. आठवड्यातून एकदा छोट्या वजनकाट्यावर वजन करावे. पक्षी आजारपण लपवतो, पण काटा लपवू देत नाही. दिवसा पिसे फुगवून, डोळे मिटून बसला आणि वजन उतरले, तर त्याच दिवशी पक्ष्यांचे डॉक्टर गाठावेत.

थव्याची शिट्टी

थव्यातले कॉकटील एकमेकांना सतत हाक देत असतात. "मी इथे आहे, तू कुठे आहेस?" एवढाच त्या हाकेचा अर्थ. घरात आपण खोलीबाहेर गेलो की पक्षी हीच हाक देतो. उत्तर मिळाले नाही तर ती किंकाळी होते. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकच छोटी शिट्टी ठरवावी आणि त्याच्या हाकेला तीच द्यावी. नर कॉकटील शिट्ट्या पटकन उचलतात.

आमच्या घरात भाषेचाही प्रश्न होता. आजी "ये" म्हणे, आतेबहीण कन्नडमध्ये "बा" म्हणे, आणि मला सवयीने काही वेगळेच सुचे. पक्ष्याला भाषा कोणतीही चालते, पण शब्द एकच लागतो. सर्वांनुमते "बा" ठरला. आतेबहिणीला त्याला मुठीत धरायची घाई होती. तिला तुरा बघून वहीत खूण करायचे काम दिले. "दादा, आता तुरा खाली आला," असे ती माझ्याआधी सांगू लागली.

दिवसभर घरी असते ती आजी. तिचे गुडघे दुखतात, जमिनीवर बसता येत नाही. म्हणून तेविसाव्या दिवसापासून मी मागे राहिलो आणि खुर्चीत बसलेल्या आजीच्या हातात कणीस दिले. आजी सकाळी कामे करताना गुणगुणते, तो आवाज पुट्टाच्या ओळखीचा होताच. तिसाव्या दिवशी तो आजीच्या बोटावर चढला आणि कणीस संपल्यावरही उतरला नाही. माझ्या बोटावर तो इतका वेळ कधी थांबला नव्हता. खरे सांगायचे तर क्षणभर मला वाईट वाटले. पण मी गेल्यानंतर त्याला हाक द्यायला आजीच असणार होती. जो माणूस रोज तिथे असतो, त्याच्यावरच पक्ष्याने जास्त विश्वास ठेवावा, हेच बरोबर आहे.

आणण्यापूर्वीचा हिशेब

नीट सांभाळला तर कॉकटील पंधरा-वीस वर्षे जगतो. आपण आज दहावीत आहोत. त्या काळात आपण कॉलेज संपवू, नोकरीला लागू, काही जण सीमेवर जाऊ. म्हणून पक्षी आणताना आपल्या हौशीचे नाही, त्याच्या वर्षांचे गणित मांडावे.

हे गणित चुकलेले पक्षी जातात कुठे? म्हैसूरला गणपती सच्चिदानंद आश्रमात 'शुकवन' आहे. तिथे जखमी आणि सोडून दिलेल्या पक्ष्यांना आसरा आणि उपचार मिळतात. एकाच पक्षीगृहात ४६८ जातींचे पक्षी असल्याबद्दल २०१७ मध्ये गिनेस बुकात त्याची नोंद झाली. बघायला ते सुंदर आहे. पण तिथल्या काही पक्ष्यांमागे कोणीतरी मोडलेला शब्द आहे, हेही बघताना लक्षात राहते. कंटाळा आला म्हणून कॉकटीलला आकाशात सोडणे ही दया नव्हे. तो इथला नाही. त्याला इथे चारा शोधता येत नाही आणि घारी-कावळ्यांपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

कायदाही माहीत हवा. आपला नेहमीचा हिरवा पोपट हा भारतीय वन्य पक्षी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याला पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. जत्रेत, चौकात कोणी पिल्लू विकत असेल तर घेऊ नका. कॉकटील परदेशी असून पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढवला जातो, त्यामुळे त्याची गोष्ट वेगळी आहे.

तेव्हा मित्रांनो, घरी कॉकटील आणावासा वाटला तर आधी चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा. दिवसभर घरी कोण असते? सुट्टी संपल्यावर पिंजरा कोण साफ करील? गावात पक्ष्यांचे डॉक्टर आहेत का? आणि पुढच्या वीस वर्षांत बदली झाली तर तो कोणाकडे जाईल? चारही उत्तरांपुढे माणसाचे नाव लिहिता आले, आणि त्या माणसाने स्वतः होकार दिला, तरच राळ्याचे कणीस विकत घ्या.